पीएनआर आला म्हणजे तिकीट झालं असं नाही: सोलापुरातून बँकॉकला निघणाऱ्या पोरांसाठी

शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली की सोलापुरात कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रंगीत पोस्टर फिरायला लागतं. 'बँकॉक-पटाया, ४ रात्री ५ दिवस, विमानासह फक्त २४,९९९.' खाली एखाद्या गाळ्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर. सहा-आठ जण जमतात, घरच्यांना पटवतात, पैसे भरतात. मग सिद्धेश्वर एक्सप्रेसने रातोरात मुंबई गाठतात आणि विमानतळावरच्या काउंटरवर कळतं की या नावांची तिकिटं नाहीतच. एजंटला फोन लावला तर आधी 'मालक, टेन्शन नका घेऊ, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे', मग फोन बंद.

खोटा कागद ओळखायला पोरं हुशार असतात. इथे मात्र दाखवलेला कागद बहुतेक वेळा खरा असतो, दाखवला त्या दिवशी तरी. नंतर तो मेलेला असतो, एवढंच. म्हणून हा प्रकार कसा चालतो ते नीट समजून घ्या.

आधी हिशेब. मुंबई-बँकॉक जाऊन-येऊन तिकीट अगदी स्वस्तात सापडलं तरी १८ हजारांच्या आसपास धरा. साध्या थ्री-स्टार हॉटेलची खोली रात्रीला १,००० ते १,२०० बाट (थायलंडचं चलन). दोघांत वाटून चार रात्रींचे माणशी २,००० ते २,४०० बाट, म्हणजे बाटाला पावणेतीन रुपये धरले तर साडेपाच ते साडेसहा हजार. विमानतळावरून नेणं-आणणं, बँकॉक ते पटाया गाडी आणि एक-दोन सहली मिळून चार हजार. त्यावर पॅकेजचा ५ टक्के जीएसटी. आकडे ढोबळ आहेत, पण एजंटला एक रुपया न सुटताही बेरीज २९ हजारांच्या घरात जाते. मग २४,९९९ ला तो नेतो कसा?

तर ह्याची टोपी त्याला. मेमध्ये जाणाऱ्या ग्रुपने फेब्रुवारीत भरलेल्या पैशातून मार्चच्या ग्रुपची तिकिटं निघतात. पहिले दोन-तीन ग्रुप खरंच जाऊन येतात, फोटो टाकतात, आणि तीच त्याची जाहिरात होते. पुढे भाडं वाढलं, एखाद्या ग्रुपने पैसे परत मागितले किंवा नवीन बुकिंग आटलं, की साखळी तुटते आणि त्या वेळी रांगेत असलेला ग्रुप बुडतो. त्यामुळे 'आमच्या मित्राचा ग्रुप ह्याच्याकडूनच जाऊन आला' हा पुरावा नाही. त्या मित्राचं तिकीट कदाचित तुमच्याच पैशातून निघालेलं असेल.

आता पीएनआर. सहा अक्षरं-अंकांचा हा क्रमांक फक्त सांगतो की विमान कंपनीच्या यंत्रणेत या नावांची एक नोंद आहे. पैसे भरले गेले का, ते त्यावरून कळत नाही. एजंट सीट नुसती 'होल्ड'वर टाकू शकतो. त्यातही पीएनआर मिळतो आणि तुमचं नाव, तारीख, विमान क्रमांक सगळं दिसतं. ठरलेल्या मुदतीत तिकीट काढलं नाही की ती नोंद आपोआप रद्द होते. एजंट होल्डच्या काळातच स्क्रीनशॉट पाठवतो आणि उरलेले पैसे मागतो. पोरं पीएनआर तपासतात, तो सापडतो, पैसे जातात.

पूर्ण सेवेच्या विमान कंपन्यांत खरं तिकीट निघालं की १३ अंकी ई-तिकीट क्रमांक येतो. त्याचे पहिले तीन अंक कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, थाई एअरवेजचे २१७. प्रत्येक प्रवाशाचा क्रमांक वेगळा असतो. सहा जणांना एकच क्रमांक किंवा नुसताच पीएनआर मिळाला असेल तर तिकीट निघालेलं नाही असंच समजा. कमी भाड्याच्या कंपन्यांच्या कागदावर हा क्रमांक बरेचदा दिसत नाही. तिथे कंपनीच्याच साइटवर किंवा ॲपमध्ये बुकिंग उघडून 'कन्फर्म्ड' लिहिलंय का आणि बाकी रक्कम शून्य आहे का ते बघायचं. एजंटने पाठवलेल्या लिंकवर नाही.

दुसरा प्रकार जास्त पाताळयंत्री. तिकीट खरोखर काढलं जातं, तुम्ही तपासता, सगळं बरोबर असतं. मग निघायच्या दहा-बारा दिवस आधी एजंट ते रद्द करतो. परतावा, कापून-सवरून का होईना, ज्या मार्गाने पैसे भरले होते त्याच मार्गाने परत जातो, म्हणजे एजंटच्या पोर्टलवरच्या वॉलेटमध्ये. तुम्हाला कळत नाही, कारण बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल त्याने स्वतःचा घातलेला असतो. रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच जातो. कधी जायचं तिकीट तसंच ठेवून फक्त परतीचं रद्द करतात, आणि ते पोरांना बँकॉकमध्ये कळतं.

यावर उपाय फुकटचा आहे. पैसे भरतानाच सांगायचं: बुकिंगमध्ये प्रत्येकाचा नाहीतर किमान दोघांचा मोबाइल आणि ईमेल पाहिजे. तिकीट आल्यावर कंपनीच्या साइटवर संपर्क तपशील बघा, तिथे तुमचा नंबर नसेल तर लगेच बदलून घ्या. पुढे दर दोन-तीन दिवसांनी पीएनआर उघडून जायचं आणि यायचं दोन्ही विमानं बघायची. एजंट 'सिस्टीममध्ये फक्त आमचाच नंबर जातो' म्हणाला तर दुसरा एजंट शोधा. आणि हो, पीएनआर दिसणारा तिकिटाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही तुमचं बुकिंग उघडू शकतं.

हॉटेलचंही तेच. 'फ्री कॅन्सलेशन, पे ॲट प्रॉपर्टी' या पर्यायाने एकही रुपया न भरता बुकिंग होतं आणि छान व्हाउचर निघतं. एजंट ते तुम्हाला देतो आणि मुदत संपायच्या आत रद्द करतो. किंवा रद्द करत नाही, तुम्ही पोचता आणि रिसेप्शनवरची बाई म्हणते, चार रात्रींचे पैसे भरा. निघण्याआधी हॉटेलला थेट मेल टाका, पत्ता हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. दोनच प्रश्न विचारायचे: या नावाने या तारखांना खोल्या आहेत का, आणि पैसे भरलेत की बाकी आहेत? उत्तर बहुतेक दिवसाभरात येतं. चेक-इनला हजारभर बाट अनामत मागतात ती मात्र फसवणूक नव्हे, खोली सोडताना ती परत मिळते.

तिसरी कडी तिकडच्या गाड्यांची. सोलापूरच्या एजंटची बँकॉकमध्ये स्वतःची गाडी नसते. तो पुण्या-मुंबईच्या घाऊक कंपनीला काम देतो, ती तिथल्या स्थानिक ऑपरेटरला. मधल्या एकाने पैसे अडवले की ड्रायव्हर येत नाही. म्हणून व्हाउचरवर तिथल्या ऑपरेटरचं नाव आणि चालू नंबर मागून घ्या, आणि निघण्याच्या तीन-चार दिवस आधी त्यालाच विचारा की या ग्रुपचं पेमेंट आलंय का. 'एसआयसी' लिहिलं असेल तर गाडी सगळ्यांत मिळून, म्हणजे वाट बघणं आलं. स्वतंत्र गाडी हवी असेल तर तसं लिहून घ्या. सामानाचंही लिहूनच घ्या. 'तीस किलो आहे हो' असं तोंडी सांगतात आणि तिकिटात सात किलोची केबिन बॅग एवढंच निघतं. काउंटरवर जादा सामानाचे पैसे भरताना अर्धं खरेदीचं बजेट तिथेच संपतं.

एजंट तपासायला कुणाची ओळख लागत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. नोंदणी चालू आहे की रद्द, कधीची आहे, कुणाच्या नावावर आहे, धंदा कोणता दाखवलाय, सगळं दिसतं. दोन महिन्यांपूर्वीची नोंदणी, धंदा कापडविक्री आणि बोर्डावर 'पंधरा वर्षांचा विश्वास' असं निघालं तर पुढे बोलायचं कारण नाही. 'जीएसटी वाचवायचा असेल तर कॅश द्या' ही सवलत नाही. पावतीच न देण्याची ती सोय आहे, आणि पावती नसली की पुढे तक्रारीला जीव राहत नाही.

टीसीएसचा, म्हणजे विकणाऱ्याने गोळा करायच्या आगाऊ आयकराचा, घोळ वेगळाच. परदेशाच्या टूर पॅकेजवर एजंटने टीसीएस गोळा करून तुमच्या पॅनवर सरकारला भरायचा असतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलाय, त्यामुळे त्या वर्षाचा दर आयकर खात्याच्या साइटवर बघा. ज्याने 'टीसीएस' म्हणून पैसे घेतले पण पॅन मागितलाच नाही, त्याने ते खिशात घातले. भरलेला टीसीएस तिमाही विवरणानंतर आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या पॅनच्या कर-उताऱ्यात दिसतो, त्यामुळे निघण्याआधी तिथे काही दिसलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. पॅन मागितला का आणि बिलावर ती रक्कम वेगळी दाखवली का, एवढं आधी बघायचं. ज्या विद्यार्थ्याचं करपात्र उत्पन्न नाही त्याला विवरणपत्र भरून हे पैसे परत मिळतात. बहुतेक पोरं ते सोडून देतात, उगाचच.

आता ग्रुपमधल्या त्या एका पोराबद्दल, जो सगळं 'जमवतो'. एजंट त्याला सांगतो, 'भावा, दहा पोरं आण, तुझी सीट फ्री.' मग हा सगळ्यांकडून आपल्या यूपीआयवर पैसे गोळा करतो आणि पुढे पाठवतो, बरेचदा एजंटच्या मेव्हण्याच्या नाहीतर बायकोच्या खात्यावर. टूर बुडाली की बाकी नऊ जणांच्या बँक स्टेटमेंटवर एजंटचं नाव कुठेच नसतं, ह्याचं असतं. पालक ह्याच्या घरी येतात. पोलिसांत तक्रार गेली तर ह्याला आधी स्वतःला सोडवावं लागतं, आणि ऑनलाइन तक्रारीत ह्याचंच खातं गोठवलं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येकाने आपापले पैसे थेट फर्मच्या चालू खात्यावर भरायचे आणि पावती आपापल्या नावाची घ्यायची. जमवणाऱ्याने पैशाला हात लावू नये. फ्री सीटचा मोह त्यात जातो, जाऊ दे.

छोट्या लुटीही असतात. 'व्हिसा फी' म्हणून अडीच-तीन हजार लावणारे आहेत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला आणि जुलै २०२४ पासून व्हिसाविना राहायची मुदत ६० दिवसांची केली. असे नियम फिरतात, तेव्हा निघण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर चालू नियम बघा आणि फी नसेल तर देऊ नका. १ मे २०२५ पासून सगळ्या परदेशी प्रवाशांना थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, थाई इमिग्रेशनच्या साइटवर, फुकट भरता येतं. गुगलवर वर येणाऱ्या जाहिरातीच्या साइट त्याचेच डॉलरमध्ये पैसे घेतात. विम्याचं पत्रक मिळालं तर त्यावरचा पॉलिसी क्रमांक विमा कंपनीच्या साइटवर टाकून बघा. जुन्या पॉलिसीवर नाव बदलून दिलेली पीडीएफ दिसायला तंतोतंत खरी असते.

इतकं पार करून ग्रुप बँकॉकला पोचला, की तिथली फसवणूक त्या मानाने किरकोळ. सुवर्णभूमी विमानतळाच्या आत कुणी 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत अंगावर आला तर त्याच्यामागे जायचं नाही. अधिकृत रांगेत मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, मीटर ३५ बाटांपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि टोल. एकटा-दुकटा असाल आणि सामान कमी असेल तर रेल्वे लिंकने फया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाटांत जाता येतं.

ग्रँड पॅलेसबाहेरचा खेळ मात्र नीट ओळखून ठेवा, कारण तिथे भलेभले फसतात. भिंतीकडेने चालताना नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस हसून विचारतो, कुठून आलात? इंडिया? मग चेहरा पाडून सांगतो, आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारी एकनंतर उघडेल. तोवर टुकटुकने दोन-तीन देवळं बघून या, आज सरकारी योजनेत फक्त ४० बाट. टुकटुक बरोबर बाजूलाच उभी असते. एका छोट्या देवळात आणखी एक 'सहज भेटलेला' पर्यटक असतो. तो सांगतो की आत्ताच नीलम घेतले, करमुक्त सेलचा शेवटचा दिवस आहे, आपल्या देशात दुप्पट भावाने विकले जातात. मग टुकटुक रत्नांच्या दुकानापुढे थांबते. नाही म्हटलं तर शिंप्याकडे. नुसतं आत नेलं तरी ड्रायव्हरला पेट्रोलचं कूपन मिळतं, विक्री झाली तर कमिशन. म्हणून तर ४० बाटांत शहर फिरवणं त्याला परवडतं. खडे खरे असले तरी किंमत कितीतरी पट लावलेली असते. सराफ कट्ट्यावर आणून दाखवले की मग खरा भाव कळतो.

राजवाडा रोज सकाळी ८.३० ते ३.३० उघडा असतो, परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट. राजघराण्याच्या समारंभासाठी कधी बंद ठेवतात, पण ते अधिकृत साइटवर आणि फाटकावर कळतं, रस्त्यावरच्या माणसाकडून नाही. बाहेर कुणी काही म्हणो, मुख्य फाटकापर्यंत चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सनाम चाय मेट्रो स्टेशनवरून पायी जाता येतं, टुकटुकची गरजच नाही. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. हाफ पँटवाल्याला आत सोडत नाहीत आणि ती अडचणही बाहेरचे लोक बरोबर हेरतात.

पटायात जेट-स्कीपासून लांब राहा, हा आमचा सरळ सल्ला. अर्धा तास फिरवून आणल्यावर मालक तळाचा जुना ओरखडा दाखवतो आणि हजारो बाट मागतो. पासपोर्ट त्याच्या ताब्यात असतो आणि भोवती चार जण जमतात. घ्यायचीच असेल तर आधी पाण्याबाहेर काढायला लावून तळासकट व्हिडिओ घ्या. पासपोर्ट कुणाकडेही तारण ठेवायचा नाही, स्कूटरवाल्याकडेही नाही. आपल्यासारखीच डाव्या बाजूची वाहतूक बघून पोरांना स्कूटरचा धीर येतो, पण आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय चालवली तर पोलीस दंड करतात आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तो परवाना आरटीओकडून फॉर्म ४ए भरून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. कोरल आयलंडच्या सहलीत स्पीडबोट मधेच पॅरासेलिंगच्या तराफ्यावर थांबते. तिथे उतरलं तरी उडायची सक्ती नसते. आणि एटीएमने 'विथ कन्व्हर्जन' विचारलं तर नको म्हणा, हिशेब बाटातच होऊ द्या.

यात एक गोष्ट फसवणूक म्हणून न येता मेहेरबानी म्हणून येते. कुणी ओळखीचा म्हणतो, 'तिकीट-हॉटेल माझ्याकडून, येताना फक्त एक बॅग आण, खाऊची पाकिटं आहेत.' बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात खाऊच्या पाकिटांत भरलेला हायड्रोपोनिक (मातीविना पाण्यावर वाढवलेला) गांजा मुंबई विमानतळावर कस्टम्सने वारंवार पकडला आहे. तिकडे २०२२ पासून काही वर्षं गांजा सहज मिळायचा म्हणून इकडे चालतो असं नाही. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात एक किलोच्या पुढे दहा वर्षांपर्यंत आणि २० किलोपेक्षा जास्तीला दहा ते वीस वर्षं शिक्षा आहे. बॅग ज्याच्या नावाने चेक-इन झाली तो आत जातो, तिकीट देणारा नाही. 'डेटा एंट्रीचा जॉब, इंटरव्ह्यू बँकॉकला' असं सांगून सीमेवरच्या मे सोत गावामार्गे म्यानमारच्या सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांवर पोरांना नेल्याचीही प्रकरणं झाली आहेत. २०२५ मध्ये भारत सरकारला तिथून शेकडो तरुण विमानाने परत आणावे लागले. विमानतळावरून गाडी बँकॉकऐवजी उत्तरेकडे तासन्‌तास धावायला लागली तर तिथेच ओरडा करा.

फसलात तर काय? थायलंडमध्ये असाल तर टुरिस्ट पोलीस ११५५, इंग्रजी बोलतात. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांचा दाखला, मग सुखुमवित सोई २३ वरचा भारतीय दूतावास. इकडे ताजा ऑनलाइन व्यवहार असेल तर त्याच तासाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा आणि यूपीआयचा १२ अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवले तर मिळायची आशा असते. दोन महिन्यांपूर्वी स्वतःहून एजंटला दिलेल्या पैशात मात्र १९३० फारसं कामाला येत नाही. तिथे पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आणि ३१६ विश्वासघाताचं. 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून परत पाठवलं तर तोच अर्ज पोलीस आयुक्तालयात द्या आणि पोच घ्या. सगळ्या पोरांनी एकत्र जा.

पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोग. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून एजंटला लेखी नोटीस पाठवा. आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. सोबत पोस्टरचा स्क्रीनशॉट, पावत्या, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲपचं पूर्ण संभाषण निर्यात करून, आणि तिकीट रद्द कधी झालं याचा विमान कंपनीकडून आलेला मेल जोडा. तो मेल कंपनी मागितल्यावर देते, पीएनआर आणि पासपोर्टची प्रत लावून लिहायचं. एजंट पाच-पाच हजार परत देऊन 'तक्रार मागे घ्या' म्हणेल. पैसे खात्यावर घ्या, बाकी किती राहिले ते लिहून घ्या, आणि पूर्ण रक्कम येईपर्यंत कशावरही सही करू नका. त्याने दिलेला चेक वटला नाही तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, तेव्हा तो चेक भिडेखातर ठेवून घेऊ नका, लगेच बँकेत टाका.